मडक्यात नसलेली खापरी

माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, शब्द फार साधे वाटले, तर माफ करा.

डोंगरातल्या एका गावात तुळाजी नावाचा एक भित्रा बुरूड राहत होता. त्या वर्षी टोळधाडीने उभे पीक खाल्ले. राजाने ज्वारी पाठवली, पण पोती वीस आणि घरे साठ. पाटील म्हणाले, "देवीपुढं सोडत काढू. मग कुणी ब्र काढायचा नाही."

प्रत्येक घराने खापरीवर आपली खूण कोरून ती देवळातल्या मडक्यात टाकायची होती. तीही आपल्याच हाताने. मडक्यात पडण्याआधी दुसऱ्याच्या खापरीला हात लावला, तर लावणाऱ्याच्या घरावर देवीचा कोप होतो, असे गाव मानत असे.

विसावी खापरी तुळाजीची निघाली. त्याची मुलगी चार दिवस पाण्यावर होती. ती कमरेला खोचून तो धावतच घरी निघाला.

वाटेत लंगडी हौसाक्का उंबऱ्यावर बसली होती. खापरी तिच्या मांडीवरच होती.

"तुळा, झाली का रे सोडत?"

"झाली. अक्का, तुम्ही आला नाहीत?"

"साठ पायऱ्या कशा चढू? देवीसुद्धा मेली उंचावरच बसते! येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारल्या. पण माझ्या खापरीला हात कोण लावणार?"

घरी त्याने बायकोला सांगितले, हौसाक्काची खापरी मडक्यात पडलीच नाही, सोडत पुन्हा काढायला हवी. तिने मुलीला छातीशी धरले.

"गप बसा. बाकीचे एकोणीस जण तुम्हाला जिवंत ठेवतील का? आणि पुन्हा काढल्यावर आपली नाही निघाली, तर हिला काय घालू?"

मुलगी झोपेत कण्हत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोती वाटायच्या आधी, तो हौसाक्काच्या दारात गेला. त्याने तिची खापरी उचलली आणि पायऱ्या चढू लागला. वर माणसे पोत्यांची वाट बघत उभी होती. त्याच्या हातातली परकी खूण दिसताच सगळे मागे सरकले. एकाने दगड उचलला. तुळाजी थांबला नाही. त्याने मडक्यात हौसाक्काची खापरी टाकली. मग कमरेची आपली खापरी काढून तीही टाकली.

"पाटील," तो म्हणाला, "आता निघालेल्या सगळ्या परत टाका, आणि पुन्हा काढा."

तात्पर्य: सोडत डोळे मिटून काढावी, पण कोण मडक्याबाहेर राहिले, हे आधी डोळे उघडून पाहावे.