ग्रहांनी फिरवलेली तोंडे

कृतयुग उतरणीला लागले होते, तेव्हाची ही कथा. पयोष्णीच्या तीरावर विश्रुतसेन नावाचा राजा राज्य करीत होता. पराक्रमी, दानशूर, यज्ञरक्षक. पण संशय त्याच्या हाडीमासी खिळलेला. हेरांवर हेर, त्या हेरांवर आणखी हेर. राणी शुचिव्रतेने स्वहस्ते वाढलेले अन्नही आचाऱ्याने चाखल्यावाचून तो तोंडी लावीत नसे. अशा पुरुषाला उतारवयात पुत्र झाला आणि राजज्योतिषी नको ते बोलून गेला, "राजन्, एका ग्रहाची दृष्टी बालकाला घातक आहे. जन्मवेळी आकाश मेघांनी झाकले होते. तो ग्रह कोणता, हे सांगता येत नाही."

झाले! राजाची झोप उडाली. आकाशात दिसणारा ग्रह त्याला पाळतीवर आहेसा वाटे, आणि मावळलेला ग्रह कटात सामील.

महर्षी शांतायनांच्या यज्ञाचे त्याने एकदा राक्षसांपासून रक्षण केले होते; त्याबद्दलचा वर मागायचा राहिला होता. आश्रमात जाऊन तो म्हणाला, "भगवन्, रोज दिसणारा सूर्य आणि छायारूप राहू-केतू सोडून बाकी सगळे ग्रह सूर्यास्तानंतर एकाच आकाशात माझ्यापुढे उभे राहोत. चोर कोण, ते मी नजरेने ओळखीन."

"राजा, हा हट्ट सोड," महर्षी म्हणाले. "चंद्राने गुरूची पत्नी तारा पळवली, तेव्हापासून ते दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. शुक्राची संजीवनी विद्या गुरूच्या पुत्राने नेली, ती सल ताजी आहे. अशांना एका ओळीत उभे करू नये."

राजाचे डोळे बारीक झाले. "मुनिवर, आपणही त्यांना सामील नाही ना?"

महर्षींच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. पण शब्द दिलेला होता. "तथास्तु!" एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला आणि पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत सगळे ग्रह उजळले. प्रासादाच्या गच्चीवर पाळणा ठेवून, धनुष्य सज्ज करून राजा उभा राहिला. वर मात्र वेगळेच घडत होते. गुरूला चंद्राकडे पाहवेना. तारेच्या पोटी चंद्रापासून जन्मलेला बुध दोघांमध्ये अवघडून उभा होता. शुक्र गुरूपासून अंग चोरीत होता. मंगळाला सगळ्यांचाच वहीम येऊन त्याचा हात खड्गावर गेला. कोणी कोणाकडे पाहीना, म्हणून एकाखेरीज सर्वांच्या नजरा खाली वळल्या आणि नेमक्या पाळण्यावर पडल्या. बालकाचे अंग निखाऱ्यासारखे तापले, ओठ निळे पडले.

राजा मान वर करून शोधतच होता. एकटा शनी पाठ फिरवून उभा असलेला त्याला दिसला. "सापडला! पापी तोंड लपवतो आहे!" असे गर्जून त्याने बाण जोडला.

शुचिव्रतेने त्याचा हात घट्ट धरला. "महाराज, आपल्या बाळाकडे न पाहणारा तो एकटाच आहे! खाली पाहा, बाळ चालले!"

राजाने खाली पाहिले नाही. तेव्हा राणीनेच पदर पसरला. "सूर्यपुत्रा, या मातेला वाट दाखव!"

"माते, माझी दृष्टी जाळते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी पाठ फिरवली," शनी वळून न पाहता उत्तरला. "इतरांकडेही तेवढेच माग."

राणीने एकेका ग्रहाला नाव घेऊन हात जोडले. एकमेकांकडे वळायचे नव्हतेच; ज्याने त्याने आपली निराळी दिशा धरली. बालकाचे अंग निवले. त्याने डोळे उघडले आणि बापाकडे पाहून ते आयुष्यात पहिल्यांदा हसले. राजा वर पाहत होता, कोणी पुन्हा वळतो की काय म्हणून.

तेवढ्यात महर्षी तेथे आले. "ग्रहहो, यापुढे तुम्ही कोणीही एकमेकांसमोर तोंड करू नका," अशी त्यांनी आज्ञा केली. राणी घाबरून म्हणाली, "आणि महाराजांना शाप?"

महर्षींनी अजूनही वरच पाहत असलेल्या राजाकडे पाहिले. "मुली, त्याला निराळा शाप कशाला हवा?"

आजही नवग्रहांच्या पीठावर एकही ग्रह दुसऱ्याकडे तोंड करून बसत नाही, ते त्या आज्ञेमुळे. तो राजपुत्र मोठा झाला, प्रजेचा लाडका राजा झाला. बापाचा चेहरा कसा होता, असे कोणी विचारले, की तो सांगे, "मला त्यांची हनुवटी तेवढी आठवते."