पाणपालीचा पाय

तळ्याला अजून नावही पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथे पालीसारखी दिसणारी एक इवलीशी पाणपाल राहायची. तिचा पाय तुटला, तर काही महिन्यांनी नवा उगवायचा. शेजारच्या खेकड्याने हे हेरलं आणि तो दरवर्षी तिचा एक पाय तोडून खाऊ लागला.

पाणपाल दर वेळी लंगडत कासवआबांकडे दाद मागायला जायची, कारण तळ्यातले तंटे तेच सोडवायचे. आबा डोळे न उघडताच म्हणायचे, "अगं, उगवेल की! एवढा कसला कांगावा?"

चौथ्या वर्षी मात्र तिचं डोकंच फिरलं. "उगवतो तो माझ्या रक्तामांसातून! तोवर श्वास घ्यायला वर येताना जीव मेटाकुटीला येतो माझा. आणि आबा, नांगी तर या खेकड्याचीही उगवते. तोडू का एक?"

खेकडा नांग्या पोटाशी घेऊन आबांच्या मागे दडला. आबांचे डोळे खाडकन उघडले.

"काहीतरीच काय! हा शुद्ध अन्याय होईल!"

"म्हणजे हा शब्द तुम्हाला येतो तर," पाणपाल म्हणाली. "चार वर्षं मला वाटत होतं, तुम्ही तो कधी ऐकलाच नाही."