जाण्याचा एकोणिसावा शब्द

खाडीपलीकडच्या गावातल्या काही बायका घरी पर्यटक उतरवत. पाहुण्यांशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून त्या लाँचनं अलीकडे येऊन धक्क्याजवळच्या वाचनालयात इंग्रजी शिकत. शिकवायला निवृत्त प्राध्यापक टिपणीस होते. माणूस विद्वान, पण घड्याळाशी वैर!

एका संध्याकाळी सरांनी 'जाणे'चे इंग्रजी शब्द काढले. लीव्ह झालं, डिपार्ट झालं, मग पुश ऑफ, हिट द रोड असं करत फळ्यावर अठरा शब्द झाले. शेवटची लाँच सहाची, आणि सहाला दहाच मिनिटं उरलेली. बायकांची चुळबुळ पाहून सर कडाडले, "मी न सांगितलेला एकोणिसावा शब्द कोणीतरी सांगा. तोवर कोणी हलायचं नाही!"

द्वारका भोईरच्या घरी आठ पाहुणे जेवायला यायचे होते. ती उठली, पिशवी काखेत मारली आणि सरळ दाराकडे निघाली.

"अहो बाई, शब्द कुठाय?"

"सर, क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद, असं आम्हाला शाळेत शिकवलंय. शब्द तुम्ही अठरा दाखवलेत. क्रिया तेवढी राहिली होती, ती मी दाखवते."

बायका खो खो हसत तिच्यामागे बाहेर पडल्या. सर फळा पुसायला लागले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की आपलंही घर पलीकडेच आहे.

लाँच सुटता सुटता ते धापा टाकत चढले. द्वारकानं सरकून जागा दिली.

"बसा सर. आता पोचण्याचे शब्द सांगा. अर्धा तास आहे, अगदी सावकाश सांगा."