कुंभारणीच्या तीन टिचक्या

अथेन्सच्या बाजारात क्लेआंद्रोस नावाचे गुरुजी ऐटीत मडकं घ्यायला आले. फुटकं गळ्यात पडू नये म्हणून टिचक्या मारता मारता लिसिल्ला कुंभारणीला म्हणाले, "नवऱ्याला माझ्याकडे शिकायला पाठव. सत्य काय ते शिकवीन."

"काय असतं हो सत्य?"

"शहाणे सांगतात ते."

"शहाणा कोण, हे कोण ठरवतं?"

"शहाणेच!"

"मग पहिल्या शहाण्याला कुणी ठरवलं?"

गुरुजी भडकले. "चिखल तुडवणारी तू, माझी परीक्षा घेतेस?"

लिसिल्ला शांतपणे म्हणाली, "या मडक्याला तुम्ही दहा टिचक्या मारल्यात, ते खणखणीत वाजलं. मी तुम्हाला तीनच मारल्या. मडकं पक्कं आहे गुरुजी, बिनघोर न्या. नवरा मात्र घरीच राहील."