निजाळीची सोबतीण

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि आपलं त्यावाचून अडलेलंही नाही. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी जरा कान देऊन ऐकावी, कारण कायदे तेच करतात.

त्या राज्याच्या एका टोकाला डोंगर होते आणि डोंगरात निजाळी नावाचं झुडूप उगवायचं. दिसायला अगदीच साधं. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नसे. पण त्याचा पाला उकळून प्यायला की दुखणं मागे सरायचं आणि माणसाला गाढ झोप लागायची. कुणाचं हाड मोडलं, कुणाची पाठ धरली, की डोंगरातली माणसं सकाळी निजाळीचा काढा घ्यायची आणि दिवस कलल्यावर उठायची.

त्यांचा एक रिवाज होता. काढा एकट्यानं घ्यायचा नाही. जो पाजेल त्यानं पिणारा उठेपर्यंत उशाशी बसून राहायचं. त्याला कुशीवर वळवायचं, ओठ ओले करायचे, श्वास मंदावला तर नावानं हाका मारायच्या. या झोपेत माणूस उताणा राहिला तर त्याचा श्वास कोंडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि या रिवाजात एक गंमत होती. कामधंदा सोडून रोज रोज कोण कुणाच्या उशाशी बसणार? म्हणून रोज कुणी पीतही नसे. चटक लागायला सवडच मिळत नव्हती.

या कामात एक बाई फार तरबेज होती. लोक तिला सोबतीण म्हणत. तिचा नवरा कडेकपारीतली मधाची मोहळं काढायचा. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. दोराला लटकून लटकून त्याची पाठ पार कामातून गेली होती. दुखणं अति झालं की तो काढा घ्यायचा आणि ती बसायची. उठल्यावर तो दर वेळी एकच विचारायचा, "लई येळ बसलीस का गं?" ती म्हणायची, "न्हाई वो, आत्ताच तर टेकले." दिवसभर एका जागी बसून तिचे पाय मुंग्यांनी भरलेले असायचे, हे त्यालाही कळायचं. एवढाच त्यांचा संसार, पण सुखाचा होता.

हळूहळू निजाळी राजधानीत पोचली. पाला पोचला, रिवाज डोंगरातच राहिला. राजधानीत दुसऱ्याच्या उशाशी बसायला वेळ कुणाला असतो? एके दिवशी एका सरदाराच्या मुलानं दार लावून एकट्यानं काढा घेतला आणि तो उठलाच नाही. राजा हादरला. तसा तो वाईट नव्हता, पण घाबरला की जो पहिल्यांदा बोलेल त्याचं ऐकायचा. आणि पहिल्यांदा बोलला कोतवाल.

"महाराज, बंदी घाला," कोतवाल म्हणाला. "पिणारे बिचारे फसतात. खरे गुन्हेगार म्हणजे पाजणारे. मला शिपाई वाढवून द्या आणि एक मोठा तुरुंग बांधून द्या. निजाळीचं नावही उरणार नाही."

राजानं शिपाई दिले, तुरुंग बांधून दिला, आणि निजाळी पाजणाऱ्याला वीस वर्षांची कैद जाहीर केली.

शिपाई डोंगरात आले तेव्हा सोबतिणीच्या घरात एक गुराखी निजला होता. कड्यावरून पडून त्याची मांडी मोडली होती आणि सकाळीच तिनं त्याला काढा दिला होता. शिपाई येताना दिसताच सगळी वस्ती रानात पळाली. नवऱ्यानं तिचा हात धरला.

"चल. त्याला काय करत न्हाईत ते. त्येंना तू पायजेस."

"आन ह्याचा श्वास कोंडला तर?"

"अगं, वीस वर्सं."

"तुमी जावा," ती म्हणाली. "दोघं धरले गेलो तर घराला कोन?"

तो गेला. मागे वळून बघत बघत गेला. ती गुराख्याच्या उशाशी बसून राहिली. शिपायांमधला एक म्हातारा होता. तिनं त्याला एवढंच सांगितलं, की हा उठेपर्यंत थांबा, मग म्हणाल तिथं येते. का कोण जाणे, म्हातारा थांबला आणि उंबऱ्यावर बसला. दिवस कलला, गुराख्यानं डोळे उघडले, तिनं त्याला पाणी पाजलं आणि उठून शिपायांबरोबर चालू लागली.

आता तुरुंगातली एक गोष्ट ध्यानात घ्या. दर कैद्यामागे कोतवालाला राजाकडून धान्य मिळायचं. त्यातलं थोडं कैद्याच्या पोटात जायचं. बाकीचं कुठे जायचं ते कोतवालाचं पोट बघूनच कळायचं. कैदी जास्त तर धान्य जास्त. म्हणजे निजाळी संपली असती तर सगळ्यात मोठी पंचाईत कोतवालाचीच झाली असती. म्हणून पोतीच्या पोती चोरून विकणाऱ्यांकडे तो कानाडोळा करायचा आणि त्यांच्याकडून आपला वाटा उचलायचा. पकडल्या जायच्या त्या तिच्यासारख्या उशाशी बसणाऱ्या सोबतिणी. त्यांना पकडणं सोपं होतं, कारण त्या पळत नसत.

सोबतिणीला एकटीला एक खोली मिळाली. उंचावर एक झरोका, त्यातून आभाळाचा तुकडा दिसायचा. दिवसा काथ्याचे दोर वळायचे. जिनं सगळा जन्म माणसांच्या उशाशी काढला तिच्या आसपास माणूस नव्हतं. सुरुवातीला तिला सारखे भास व्हायचे, कुणाचा तरी श्वास अडखळतोय असं वाटायचं. ती दचकून हात पुढे करायची आणि हाताला भिंत लागायची. पुढे भासही थांबले. ते थांबल्यावर तर तिला आणखीनच एकटं वाटू लागलं.

मधाचा हंगाम सरला की वर्षातून एकदा नवरा यायचा. दोघांमध्ये गजांचं दार असायचं.

"पाठ कशी हाय?" ती विचारायची.

"हाय की जागंवर."

"काढा घेता का?"

"तू न्हाईस तर कसा घेऊ?"

हे ऐकून तिला बरं वाटायचं आणि तितकंच वाईटही वाटायचं. दर वर्षी तो जरा अधिक वाकून यायचा. मग एक वर्ष असं आलं की हंगाम सरला तरी तो आलाच नाही. डोंगर उतरणं आता त्याच्या पाठीला झेपत नव्हतं. त्यानंतर तिच्या मनाला एकच ध्यास लागला. तो सहन करतोय तोवर आपण घरी पोचायला हवं.

इकडे शिपायांचे पगार आणि तुरुंगाचं धान्य पुरवता पुरवता राजाच्या खजिन्यात खडखडाट झाला. राजा पुन्हा घाबरला. पुन्हा पहिल्यांदा बोलला तो कोतवालच.

"महाराज, बंदी उठवा. नाहीतरी लोक पितातच. दुकानं काढू, कर बसवू. मात्र हे काम कुणाही सोम्यागोम्याला देऊ नका. एकाच भरवशाच्या माणसाला मक्ता द्या."

"असा माणूस कोण आहे?"

कोतवालानं नम्रपणे मान खाली घातली. मक्ता कुणाला मिळाला ते मी सांगायला नको.

सुगीच्या दिवसांत दवंडी पिटली. निजाळी आता गुन्हा राहिली नाही, असं दवंडीवाला ओरडत तुरुंगावरून गेला. आतमध्ये बायका एकमेकींना हाका मारू लागल्या, रडू लागल्या, हसू लागल्या. सोबतिणीनं आपलं जुनं लुगडं गाठोड्यात बांधलं आणि ती दाराशी जाऊन बसली. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, तोही मावळला. शेवटी तिनं तुरुंगाच्या जमादाराला विचारलं, "आमाला कवा सोडनार?"

जमादाराला तिची कीव आली. तो खाली बघत म्हणाला, "मोकळा झाला तो पाला, बाई. तुम्ही नाही. तुम्ही गुन्हा केला तेव्हा तो गुन्हाच होता. तुमची वर्षं तुम्हाला पुरी करायची आहेत."

तिनं गाठोडं सोडलं नाही. तसंच कोपऱ्यात ठेवलं.

दोरांचं काम बंद झालं. आता तुरुंगात गाड्या भरभरून निजाळीचा पाला येऊ लागला. कैद्यांनी तो निवडायचा, वाळवायचा आणि त्याच्या पुड्या बांधायच्या. फुकटचे हात कोतवालाला आयतेच मिळाले होते. ज्या पाल्यासाठी ती आत आली होती तोच पाला दिवसभर तिच्या हातातून जाऊ लागला, आणि तो बाहेर जायचा, ती आतच राहायची.

एकदा कोतवाल माल बघायला आला तेव्हा ती उठून उभी राहिली.

"सायेब, इकताना लोकास्नी सांगता ना, एकट्यानं घेऊ नका म्हनून?"

कोतवाल हसला. "असं सांगितलं तर एका पुडीपायी दोन माणसांचा दिवस मोडेल. मग रोज कोण घेईल? तू पुड्या बांध."

तिनं पुड्या बांधल्या. काय करणार होती?

मधाच्या पुढच्या हंगामाच्या तोंडाशी तिला भेटायला कुणीतरी आल्याचा निरोप आला. ती धावतच दाराशी गेली. गजांपलीकडे तो गुराखी उभा होता, काठी टेकत, एका पायानं लंगडत. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला सगळं कळलं, तरी त्यानं सांगेपर्यंत ती थांबली.

"माय, त्येंची पाठ लईच धरली हुती. आरडत हुते. डोंगरातला पाला तर समदा गाड्यांतनं ग्येला. वस्तीतल्या दुकानातनं पुडी आनली आन..."

"जवळ कोन व्हतं?"

"कुनी न्हाई. मी गुरामागं हुतो. आन आता कोन बसतंय माय? बसंल त्यो तुरुंगात जातो, ह्येच बघत पोरी मोठ्या झाल्यात. भ्या ग्येलं न्हाई त्येंचं."

तिनं दोन्ही हातांनी गज धरले. मग तिनं विचारलं, "कुशीवर व्हते का उतानं?"

गुराख्याला खोटं बोलता आलं नाही. "उतानं," तो म्हणाला.

तिनं त्याला घरी जायला सांगितलं आणि ती आत येऊन बसली. समोर पाल्याचा ढीग होता आणि बांधलेल्या पुड्यांची चळत होती. त्याच्या हातात पडलेली पुडी कुणी बांधली असेल, हे जगात कुणीच सांगू शकलं नसतं. पण ती आपलीच असणार, असं तिच्या मनानं घेतलं आणि ते कधीच तिच्या मनातून गेलं नाही.

गुराखी घरी गेला नाही. तो तसाच लंगडत दरबारात गेला. तिथे आधीच काळजीचं वातावरण होतं. घरोघर माणसं दार लावून निजत होती आणि उठत नव्हती. कोतवाल तिसऱ्यांदा बोलायच्या तयारीत होता, की महाराज, पुन्हा बंदीच घाला, शिपाई मात्र दुप्पट लागतील. त्याच्याआधी गुराखी बोलला.

"म्हाराज, पाला जुनाच हाय. आमच्या डोंगरात त्यो प्याल्यानं मानूस मेलेला आमी आदी कवा बघितला न्हाई. तवा उशाशी कुनीतरी बसायचं. आता कुनी बसत न्हाई."

"मग बसणाऱ्यांना बोलावून घ्या," राजा म्हणाला.

"त्या तुमच्या तुरुंगात हायेत."

कोतवाल घाईघाईनं पुढे आला. "महाराज, त्यांना सोडून कसं चालेल? मग पुड्या कोण बांधणार?"

तोंडातून निघून गेलं खरं. राजानं कोतवालाकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि आपण कुणाकुणाचं ऐकत आलो ते त्याला एकदम उमजलं. तो पायीच तुरुंगाकडे निघाला.

दारं उघडली. कितीतरी जणी बाहेर आल्या. काही जणी आधीच आत मरून गेल्या होत्या, त्यांची नुसती गाठोडी बाहेर आली. सगळ्यांत शेवटी सोबतीण आली. उन्हानं तिचे डोळे दिपले. राजानं तिच्यापुढे हात जोडले. ते मनापासून जोडलेले होते, दाखवण्यापुरते नव्हते.

"बाई, माझ्याकडून अन्याय झाला. जमीन माग, घर माग. मागशील ते देतो."

"म्हाराज, दवंडी कवा पिटली व्हती?"

"गेल्या सुगीला."

"त्या दिवशी दार उघडायचं व्हतं," ती म्हणाली. "तवा माझा मानूस जिता व्हता."

तिनं त्याच्याकडे काहीच मागितलं नाही. गाठोडं काखेत मारून ती डोंगराच्या वाटेला लागली आणि दिसेनाशी होईपर्यंत राजा तिथेच उभा राहिला.

त्यानं कोतवालाचा मक्ता मोडला आणि त्याला राज्याबाहेर घालवलं. त्या राज्यात नवा नियम झाला, की कोणतीही बंदी उठवायची तर आधी तुरुंगाची दारं उघडायची आणि मगच दवंडी पिटायची. सोबतीण पुढे पुष्कळ जगली. तिनं डोंगरातल्या पोरींची भीती घालवली, त्यांना उशाशी बसायला शिकवलं, आणि तिच्या देखत पुन्हा कुणी एकट्यानं निजलं नाही. तिचं स्वतःचं घर मात्र रिकामं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या उशाशी बसून ती परत यायची, चूल पेटवायची आणि एकटीच जेवायची.

तात्पर्य: बंदी उठवताना आधी बंदीवानांना सोडावं, नाहीतर कालचा पकडणाराच आजचा विकणारा होतो, आणि ज्यानं माणसाला सोबत केली तो आतच राहतो.