धुतलेली काडी

पळसच्या आत्याबाईंनी काडी दोनदा हुंगली, तेव्हाच शेवरीने आईकडे पाहिलं. रिवाज एकदाच हुंगायचा होता.

त्या रानात साळुंक्याच साळुंक्या. शेवरीच्या जातीचे पक्षी, राखपंखे, मोजकेच, एका उंबरावर मावतील एवढे. कधीकाळी दूरच्या गवताळ देशातून वादळाने आणून टाकलेले. लग्न राखपंख्यांतच करायचं, नाहीतर उंबर सोडायचा. घरोघरी जुन्या देशातल्या घरट्याची एक काडी जपलेली होती. मुलगी दाखवताना ती पुढे ठेवायची. त्या गवताचा वास आला की मुलगी आपल्यातली.

पण उंबराला शेंडा होता तसा बुंधाही होता. वर ऊन आणि पिकली फळं, खाली चिखल आणि पडलेली. शेवरीचं घरटं बुंध्याशी. यंदा लग्नाचा नर एकच, शेंड्यावरचा पळस. ओढ्यावर आंघोळ करताना तो तिला हो म्हणून बसला होता.

म्हणून तर आदल्या दिवशी शेवरीच्या आईने काडी ओढ्यात खसाखसा घासली, उन्हात वाळवली. चिखलाचा वास तेवढा जावा, एवढंच तिच्या मनात.

"हिला कसलाच वास नाही हो," आत्याबाई म्हणाल्या. "साळुंकीच्या घरट्यातलीही असेल."

"आत्याबाई, मी अंड्यातून निघाले तेव्हा तुम्ही पाहिलंय मला," शेवरी कशीबशी म्हणाली.

"पाहिलं ना. वाकून पाहावं लागलं होतं."

वरच्या चौघीजणी खुदकन हसल्या. पळस मान वळवून पंख विंचरत राहिला.

"आणि चिखलाचा वास आला असता तर?" आईने विचारलं.

"तर वर घेतली नसती. पण आपली म्हणून खाली राहू दिली असती. आता तेही बघावं लागेल."

राखपंख्यांत मादीने साद घालायची आणि नराने उत्तर द्यायचं. शेवरी तीन दिवस फांदीच्या टोकाला बसून साद घालत राहिली. शेंडा गप्प. साळुंक्या माना वाकड्या करून ऐकायच्या, पण त्यांना उत्तराचे सूर ठाऊक नव्हते.

चौथ्या सकाळी आवाज आला. ती दचकली, वर पाहू लागली. आवाज खालून येत होता. बुंध्याच्या ढोलीतून पिसं झडलेली एक म्हातारी राखपंखी मादी मान बाहेर काढून, डोळे मिटून, शेंड्याच्या दिशेने अजून तीच साद घालत होती.