आलेख फोनवरून दिसला

जिल्ह्याच्या पूरनियंत्रण कक्षात नदीची पातळी दाखवणारा नवा आलेख आला. रेषेवर माउस फिरवला की तासातासाची पातळी उमटायची. मुख्य अभियंता देवस्थळी त्यावर बेहद्द खूश होते.

काठच्या गावांना इशारा देण्याचं काम हेमांगी खरमाटे यांचं. त्यांना दिसत नसे. संगणक पडद्यावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवी. या आलेखापाशी मात्र तो नुसतं "चित्र" म्हणून थांबला.

"सर, याच्याखाली दोन वाक्यं लिहून हवीत," हेमांगीताई म्हणाल्या.

"अहो, आलेख ही बघायची गोष्ट! ती शब्दांत कशी सांगणार?" देवस्थळी हसले. "तुम्हाला दुसरं काम देऊ."

हेमांगीताईंनी कीबोर्ड जवळ ओढला. "बरं. पण कलेक्टर मॅडम दौऱ्यावर आहेत, त्यांना नदीची खबर हवीय. तुम्हीच सांगता?"

देवस्थळींनी ऐटीत फोन लावला. "मॅडम, पाणी सकाळपासून हळूहळू चढत होतं, दुपारनंतर वेग वाढलाय. असंच राहिलं तर संध्याकाळी धोक्याची पातळी ओलांडेल."

"कळलं. वस्त्या आत्ताच हलवायला सांगते," मॅडम म्हणाल्या.

तोवर हेमांगीताईंची बोटं कीबोर्डवर चालली होती. फोन ठेवताच त्यांच्या संगणकाने देवस्थळींचीच वाक्यं खणखणीत वाचून दाखवली. देवस्थळी चमकले.

"सर, मॅडमच्या समोरही पडदा नव्हता," हेमांगीताई म्हणाल्या. "तरी तुम्ही त्यांना आख्खा आलेख दाखवलात."

देवस्थळींनी पुन्हा फोन उचलला. या वेळी तो आलेख बनवणाऱ्यांना होता.